सोमवार सोडून

मालगुजारांची जमीनदारी गेली आणि चिखलबोडी गावचा तलाव सरकारजमा झाला. पुढल्या वर्षी त्याचा लिलाव होऊन तो बाहेरगावच्या एका ठेकेदाराकडे गेला. तीन पिढ्या त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या ढिवरांच्या अकरा घरांना तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभे राहण्याचीही मनाई झाली. तेव्हापासून माघ लागला की ही घरे वैनगंगेच्या रेतीवर जात. जेठात ढग दिसेपर्यंत तिथेच झोपड्या घालून मासे धरायचे, वाळवायचे, आणि धानाच्या रोवणीच्या मजुरीसाठी गावात परतायचे.

डोमाच्या घरात तीन माणसे होती. तो स्वतः, त्याची बायको गिरजा आणि त्याची धाकटी बहीण मंगली. मंगलीचे वय बत्तिसाच्या आसपास होते. अंगाने ती भरलेली, खांद्याने रुंद. भरलेली दोन मडकी एकदम उचलायची. बोलणे मात्र चार-पाच शब्दांचे. भूक लागली की ‘पेज’, दुखले की ‘आई’. पाणी दिसले की ती त्यात चालत जायची. पोहायची नाही, थांबायची नाही. सडकेवरून चालावे तशी चालत राहायची, पाणी डोक्यावरून जाईपर्यंत. म्हणून आईने तिच्या कमरेला दोरी बांधली होती आणि तिचे दुसरे टोक स्वतःच्या कमरेला खोचून ठेवले होते. दोघी तशाच धान कांडत, तशाच सरपणाला जात. गावात कोणालाही त्यात वावगे दिसत नव्हते.

आई वारल्याला दोन आषाढ झाले होते. ओढीच्या जाळ्याला दोन माणसे लागतात; एका टोकाला डोमा आणि दुसऱ्या टोकाला गिरजा असे. गेल्या वर्षी रेतीवर त्या दोघांचे हात जाळ्यात अडकलेले असताना मंगली दोरीची रेतीतली खुंटी उपटून नदीत गेली. डोमाने तिला केसांना धरून बाहेर काढले तेव्हा तिच्या तोंडातून माती आणि फेस येत होता. त्या दिवसापासून गिरजेचे लक्ष जाळ्यात राहिले नाही, आणि लक्ष नसलेल्या हाताला मासे लागत नाहीत.

पौषात सायकलवरून एक खादीधारी गृहस्थ गावात आले. लोक त्यांना भैयाजी म्हणत. मूल गावच्या सडकेवर मालगुजाराची जुनी कोठी होती, तिथे नागपूरच्या एका मंडळाने भोळ्या माणसांसाठी निवास उघडला होता आणि भैयाजी त्याचे व्यवस्थापक होते. पाटलाच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितले की तिथे अशा माणसांना अन्न, वस्त्र आणि माया मिळते.

“फुकट ठेवते म्हनते?” त्या संध्याकाळी गिरजेने विचारले.

“मंडळ हाय म्हनते. नागपूरचं.”

“आपल्या घरचं माणूस आपल्याले जड झालं, अन् त्यायले हलकं कसं झालं?”

डोमा जाळ्याची फाटकी कड विणत होता. 

“मी नेऊ नोका नाई म्हनत,” गिरजा म्हणाली. “न्याच म्हनतो. पण मले तो मानूस लय गोड वाटला.”

माघाच्या पहिल्या आठवड्यात डोमाने मंगलीला कोठीवर पोहोचवले. सात कोस दोघे पायी गेले. मंगली कुठेही थकली नाही. वाटेत नाला लागला तिथे तेवढा डोमाने दोरीचा पीळ हातात घट्ट धरला.

कोठी मोठी होती. पुढे अंगण, मध्ये बैठकीची खोली, मागे परस आणि परसाच्या टोकाला घोड्यांचा रिकामा तबेला. भैयाजींनी एका वहीत मंगलीचे नाव, वय, गाव लिहून घेतले. तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, झोप कशी लागते, असेही विचारले. हे प्रश्न डोमाला आजवर कोणी विचारले नव्हते. तो गोंधळला आणि थोडा सुखावलाही.

मग तो परसात गेला आणि तिथेच थबकला. परसाच्या मधोमध विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. जमीन चालता चालता संपत होती आणि खाली काळे पाणी होते.

“कठड्यासाठी अर्ज केला आहे,” भैयाजी मागून म्हणाले. “दगड मिळाले की काम सुरू.”

“भैयाजी, थे पान्यात जाते.”

“आमचं लक्ष असतं.”

लक्ष ठेवणारी एक बाई होती, ताराबाई. पन्नाशीची, विधवा, मूलकडची. रांधणे, वाढणे, धुणे, अकरा माणसांना आंघोळ घालणे, सगळे तिच्याकडे होते. भैयाजी आत गेल्यावर ती डोमाजवळ आली.

“तुमी म्हनता थे खरं हाय, भाऊ. दुपारी मी चुलीपाशी असतो तवा माह्यं ध्यान नाई राह्यत.”

डोमाला त्या बाईचा खरेपणा आवडला. त्याने मंगलीच्या कमरेच्या दोरीचे मोकळे टोक घेतले आणि ताराबाईला गाठ मारून दाखवली. ही ढिवरांची गाठ. नदीतला डोंगा खुंट्याला याच गाठीने बांधतात. ओढ कितीही बसली तरी फास आवळत नाही, आणि हिसके दिले तरी सुटत नाही. ताराबाईने दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर बांधली.

“घडीभरच,” डोमा म्हणाला. “तुमी कामात असान तवा. दुसरं टोक कशालेही अडकवा.”

“घडीभरच,” ताराबाई म्हणाली.

तो निघाला तेव्हा मंगली ओसरीवर बसून समोरच्या एका माणसाच्या दाढीकडे पाहत होती. तो पत्रू. दाढी पांढरी झालेला, मोठ्या हातांचा, आणि हसरा. त्याने डोमाला रामराम केला, आणि डोमा अंगणाबाहेर जाईपर्यंत करतच राहिला.

रेतीवरचे दिवस कामात गेले. पहाटे धुके असताना जाळे टाकायचे, ऊन चढेपर्यंत ओढायचे. थंड पाण्यात मांड्या काळ्यानिळ्या पडत. गिरजेच्या बोटांच्या सांध्यांत भेगा पडून त्यांत रेती जाई आणि ती संध्याकाळी काट्याने काढावी लागे. यंदा जाळ्यात मासे येत होते. पाठीमागे कोणी पाण्यात जाते आहे का हे पाहावे लागत नव्हते. डोमाला हे सुख वाटायचे, आणि सुख वाटते याची लाजही वाटायची.

सुकट घेऊन बाजारात जाणारा सोमाजी फाल्गुनात एकदा म्हणाला, “कोठीवरून आलो मी. तुही बहीन दिसली नाई.”

“आत असन.”

“कोनीच नाई दिसलं. बारा मानसं हायेत म्हनते, अन् अंगन असं, जसं सारवून कोनी पायच नाई ठेवला. माह्या घरी दोन लेकरं हायेत तरी अंगन राह्यत नाई.”

गिरजेने हातातली मासोळी खाली ठेवली. “मी सांगतलं होतं का नाई?”

“काय सांगतलं होतं? तूच न्या म्हनली.”

“न्याच म्हनली. पाहू नोका म्हनली का?”

भेटीचा वार सोमवार होता. त्या सोमवारी डोमा वाळवलेले झिंगे फडक्यात बांधून कोठीवर गेला. भैयाजींनी त्याला ओसरीच्या खालच्या पायरीवर बसवले. माशांच्या वासाने त्यांनी मान किंचित वळवली आणि लगेच, आपण तसे केले हे लक्षात येऊन, हसून पाणी मागवले. झिंगे त्यांनी हातात घेतले नाहीत. इथले अन्न ठरलेले असते, बाहेरचे चालत नाही, असे समजावून सांगितले. डोमाने फडके पुन्हा बांधून मांडीखाली ठेवले.

मंगलीला बाहेर आणले. तिचे केस तेल लावून चापून विंचरलेले होते. लुगडे धुतलेले होते. अंगावर वळ नव्हता, ओरखडा नव्हता. गाल थोडे भरल्यासारखे होते. बाकीची माणसेही ओळीने ओसरीवर बसली होती, स्वच्छ सदरे घालून. पत्रूने रामराम केला, एकदाच, आणि हात खाली घेतला.

“रोज अंगणात फिरवतो यांना,” भैयाजी म्हणाले. “सकाळी आणि संध्याकाळी. शरीर हलतं राहिलं पाहिजे.”

डोमा बहिणीच्या समोर उकिडवा बसला. काय पाहायचे ते त्याला कळत नव्हते; सगळे बरे होते. ती पाय पुढे पसरून बसली होती. त्याने उगाच तिच्या पायावरून हात फिरवला आणि त्याचा हात तळव्यावर थांबला.

मंगलीने जन्मात वहाण घातली नव्हती. तिच्या टाचा चिखलबोडीच्या बांध-धुऱ्यांवर, सरपणाच्या वाटांवर, काट्यांवर तयार झालेल्या होत्या. जळता निखारा पायाखाली आला तरी तिला उशिरा कळे. आता त्या टाचांची जाड कातडी पापुद्र्यांनी निघून गेली होती. खालचा तळवा मऊ आणि फिका होता. पाण्यात भिजून पांढरे पडलेले पाय डोमा ओळखत होता. हे तसे नव्हते. असे पाय त्याने एकदाच पाहिले होते, सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या बापाचे.

“रोज फिरवता,” तो म्हणाला.

“रोज.”

डोमाने तिचा पाय हलकेच खाली ठेवला. त्याला विचारायचे होते. पण भैयाजी वही घेऊन समोर उभे होते, वही स्वच्छ होती, अक्षरे सरळ होती, आणि आपल्याजवळ फक्त एक तळवा आहे असे त्याला वाटले.

“नातलगांचं मत घेतो आम्ही,” भैयाजी म्हणाले. “मी वाचून दाखवतो. बहिणीची व्यवस्था पाहिली, समाधान वाटले, तक्रार नाही. इथे अंगठा.”

डोमाने अंगठा दिला. शाई पुसायला त्यांनी कापसाचा बोळा दिला. त्याने तो घेतला नाही आणि अंगठा धोतराला पुसला.

“कशावर देल्ला अंगठा?” रेतीवर गिरजेने विचारले.

“समाधान वाटलं म्हनून.”

“वाटलं?”

त्याने तळव्याचे सांगितले.  गिरजेने जाळे गुंडाळायला सुरुवात केली.

“काय करून राह्यली?”

“घरी पाहुने येनार असले का आपनही सारवतो,” ती म्हणाली. “सोमवार सोडून जाऊ.”

गुरुवारी, ऊन माथ्यावर असताना, ती दोघे कोठीच्या मागच्या बाजूने आली. परसाचे कुंपण एका ठिकाणी पडलेले होते. तिथून आत शिरल्यावर पहिल्यांदा विहीर दिसली, होती तशीच, उघडी. परसात कोणी नव्हते. तबेल्याकडून एक आवाज येत होता, संथ, एकसारखा. लाकडावर लोखंड घासल्यासारखा.

तबेल्यात घोडे बांधायच्या कड्या भिंतीत अजून शाबूत होत्या. प्रत्येक कडीला एक दोर होता आणि प्रत्येक दोराला एक माणूस. काही बसलेली, काही भिंतीकडे तोंड करून निजलेली. पत्रू मागे-पुढे डुलत होता आणि त्याच्या डुलण्याने कडी भिंतीतल्या लाकडी चौकटीवर घासत होती. मंगली चौथ्या कडीला होती. तिने भावाला पाहिले, त्याच्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, “पेज.”

डोमाची नजर मात्र दोरांवर होती. बाराही दोरांना एकच गाठ होती. ती त्याने ओळखली. ढिवरांबाहेर ती कोणाला येत नव्हती.

ताराबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. तिने त्यांना पाहिले आणि पळाली नाही की ओरडली नाही. चौकटीला पाठ टेकून ती खाली बसली.

“तुमचीच हाय, डोमाभाऊ.”

“म्या घडीभर म्हनलो होतो.”

“घडीभरच बांधलं पैले. अन् तुमच्या बहिनीलेच. मंग पत्रूले. मंग एका दिसी मले झपकी लागली, उठून पाह्यतो त सगळे जागच्या जागी. त्या दिसी मी मयन्याभरात पैल्यांदा पोट भरून जेवलो.” तिने हात लुगड्याला पुसले. “तुमी येयाच्या आधी इथी एक बाई होती, गुनाबाई. अगनाच्या मयन्यात या इहीरीत गेली. मीच काढली तिले. मी एकटी. दोरानं बांधून काढली, मेल्यावर. तुमाले कोनी सांगतलं नसन.”

“नाई सांगतलं,” गिरजा म्हणाली.

“मलेही सांगू नोको म्हनलं.”

डोमा पत्रूपाशी गेला आणि त्याचा सदरा वर केला. कमरेभोवती कातडी सोलून ओली झाली होती. दोर त्या ओलीत रुतला होता. मंगलीच्या कमरेला तशी जखम नव्हती. तिची दोरी घरची होती, जाळ्याच्या दोरीसारखी ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरवलेली. ती भिजून आक्रसत नसे. बाकीच्यांचे दोर बाजारातले कोऱ्या सणाचे होते. रोजच्या आंघोळीने ते भिजत आणि अंगावरच वाळत.

“आंघोळीले सोडत नाई?”

“सोडता कुठी येते? भिजली का गोटा होते थे गाठ. कडीतून काढतो, कमरेचं तसंच राह्यते.”

 डोमाने या बाईला गाठ मारायला शिकवली होती, सोडायला शिकवली नव्हती. घरी ती कधी सोडावीच लागली नव्हती. आई फक्त आपल्या कमरेचे टोक काढायची.

अंगणात सायकल उभी राहिल्याचा आवाज आला. भैयाजी परसात आले, दोघांना पाहून थांबले, आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

“आज सोमवार नाही.”

“नाई,” गिरजा म्हणाली.

“मी खोटं बोललो असं तुम्हाला वाटत असेल. पहिले पंधरा दिवस खरोखर फिरवत होतो. एक बाई, बारा माणसं. दुसरी बाई द्या म्हणून सात अर्ज केले. मंडळाचं उत्तर येतं, सेवाभाव वाढवा.” त्यांचा आवाज चढला नाही. “दीड महिन्यात या विहिरीत कोणी गेलं नाही. हे मी मंडळाला कळवलं आहे. चिखलबोडीच्या डोमाने दाखवलेल्या साध्या उपायाने अपघात बंद झाले, असं लिहिलं. तुमचं नाव घालून.”

डोमाला आपले नाव त्या सरळ अक्षरांत लिहिलेले दिसले. पत्रूच्या कमरेवरची माशी उठून पुन्हा तिथेच बसली.

“बहिणीला न्यायचं असेल तर आजच न्या,” भैयाजी म्हणाले. “मी अडवणार नाही.”

मंगलीला घेऊन निघता आले असते. गिरजेने तिची दोरी कडीतून काढून हातात घेतलीही होती. पण डोमा पत्रूच्या मागे गुडघे टेकून बसला, कमरेची जाळे विणायची बांबूची सुई त्याने काढली आणि ती गाठीत शिरवली. गाठ खरोखर दगड झाली होती. सुईचे टोक एका पेडाखाली जायलाच पानतंबाखू खाऊन व्हावा इतका वेळ गेला. पत्रू कण्हला, पण हलला नाही. पहिली गाठ सुटली. डोमा दुसऱ्याकडे गेला.

सहा माणसे मोकळी झाली तेव्हा ताराबाई उठून विहिरीपाशी गेली आणि हात पसरून उभी राहिली. पत्रू तिच्या दिशेने निघालाच होता. एक म्हातारी दुसऱ्या बाजूने. ताराबाई एकीकडून दुसरीकडे धावू लागली.

“हे पाहा,” भैयाजी म्हणाले. “याच्यासाठी.”

डोमा सुई हातात धरून थांबला. सोडलेले दोर जमिनीवर पडले होते. ते पुन्हा उचलायला फार वेळ लागला नसता.

“अजी,” गिरजा त्याला म्हणाली, “नदीवर आपन झिंग्यासाठी बांबूची ताटी लावतो. पान्यात टिकते थे जमिनीवर टिकनार नाई का?”

डोमाने विहिरीकडे पाहिले. मनातल्या मनात घेर मोजला. “दोन दिवस लागन.”

“बांबू तोडायला जंगल खात्याचा परवाना लागतो,” भैयाजी म्हणाले.

“इहीरीत पडाले लागत नाई,” गिरजा म्हणाली.

“अन् तवरिक इथी कोन उभं राह्यन?” ताराबाईने धापा टाकत विचारले.

गिरजेने भैयाजींकडे पाहिले. ते काही क्षण उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, धोतराचा काचा खोचला आणि विहिरीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. पत्रू त्यांच्यापाशी गेला आणि रामराम करू लागला. प्रत्येक रामरामाला उत्तर देणे त्यांना भाग पडले.

उरलेल्या गाठीही सुटल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी ताटी उभी झाली. पुरुषभर उंच, दोन बोटांच्या फटीने विणलेली, आत रोवलेल्या खुंट्यांना आवळलेली. एका बाजूला दार आणि दाराला वरच्या अंगाने अडसर. मंगली तिच्यापाशी गेली, दोन्ही हातांनी धरून तिने ती हलवली, पुन्हा हलवली आणि मग कपाळ टेकून आतल्या पाण्याचा वास घेत उभी राहिली. ताटी हलली नाही.

तरीही मंगलीला ठेवायचे की न्यायचे हे ठरत नव्हते. रेतीवर नदी होती आणि नदीला ताटी घालता येत नव्हती. इथे ठेवायचे तर ताटी झाली, पण बाई एकच होती.

“मी राह्यीन इथी,” गिरजा म्हणाली. “जेठापावतर. ताराबाईले दुसरा हात होईन.”

“जाळं?”

“फेकजाळं टाका एकट्यानं. कमी येईन.” ती ताटीचा एक सैल बंद आवळत होती. “दुसऱ्या कोनावर माहा भरोसा नाई. माह्यावर हाय.”

डोमा एकटा रेतीवर परतला. एकट्याच्या जाळ्यात घरापुरतेच मासे येत. सोमाजी कधी थट्टेने म्हणे, “बहिनीले ठेवाले गेला अन् बायकोही ठेवून आला गा.” डोमा हसे. पण गिरजा तिथे आहे या विचाराने त्याला झोप लागे. दोन सोमवार तो गेला नाही. जाण्याची गरज वाटली नाही. तिसरा सोमवार गेल्यावर मात्र, जाळे वाळत घालताना, अंगण कसे असेल असा विचार त्याच्या मनात आला. तो त्याने झटकला. तरी बुधवारी सकाळी तो निघाला, आणि कोठी जवळ आल्यावर त्याचे पाय आपोआप मागच्या वाटेने वळले.

ताटी शाबूत होती. तिच्यावर लुगडी वाळत होती. तबेल्यातल्या कड्यांना काही नव्हते. परसात कोणी नव्हते. पुरुषांची आणि बायकांची अशा दोन्ही खोल्यांच्या दारांना बाहेरून कडी होती.

गिरजा चुलीपुढे बसून फुंकत होती. तिचे डोळे लाल होते आणि उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा फोड होता.

“सोमवार नाई आज,” ती मान न वळवता म्हणाली.

“मालूम हाय.”

“तरी आले.”

“तरी आलो.”

तिने लाकूड आत सारले. “ताराबाई तापात पडली. भैयाजीनं मूलच्या दवाखान्यात नेलं. दुसरी बाई पाह्यतो म्हनून नागपूरले गेला, त्याले चार दिस झाले.”

“दाराले कडी हाय.”

“पत्रूनं जळतं लाकूड उचललं. म्हातारीच्या लुगड्यापाशी नेलं. हिसकताना हे झालं.” तिने हात दाखवला नाही, फक्त कोपर थोडे हलवले. “भात शिजवू का त्याच्या मागं फिरू? इहीरीले ताटी केली. चुलीले कोन करन?”

“कवापासून लावली?”

“खोटं सांगू का खरं?”

“खरं.”

“सकाळपासून. कालही सकाळपासूनच. परवाही.”

डोमाने जाऊन दोन्ही कड्या काढल्या. आतून कोंडलेला वास बाहेर आला आणि त्यामागून माणसे. मंगली भिंतीला हात लावत आली आणि उन्हात डोळे मिटून उभी राहिली. पत्रू सरळ धुराकडे निघाला. डोमाने त्याचे मनगट धरले, त्याला चुलीपासून चार हातांवर बसवले आणि स्वतः मध्ये बसला.

“जाता कवा?” गिरजेने विचारले.

“जाळं रेतीवर टाकून आलो.”

“मंग?”

“वाळन.”

तांदूळ उकळू लागला. गिरजेने झाकण सरकवले आणि डावा हात वाफेवरून झटकला. डोमा तिच्याकडे पाहत होता.

“तुमी असं पाहू नोका,” ती म्हणाली. “ताराबाईले पाह्यलं होतं, तसं.”

त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने, पत्रूला नीट धरता यावे म्हणून सरकतो आहे असे दाखवत, तो थोडा बाजूला झाला. आता तिथून दोन्ही दारे दिसत होती, चूल दिसत होती आणि गिरजाही. गिरजेने ते ओळखले.  त्याच्या नजरेआड येणारी सरपणाची मोळी तिने उचलली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली.